आइसब्रेकर आणि आमची मासिक सभा

पोस्ट लांबली आहे. सवडीनं वाचा.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला आशांची सभा असते. पंचवीस-सव्वीस आशा, दोन गटप्रवर्तक, उपकेंद्रांच्या सिस्टर, मी (आरोग्य सहाय्यक) आणि टेबलामागं वैद्यकीय अधिकारी. सभेची वेळ अकराची. सुरू होते बाराला, कारण एसटी. हजेरी कशी व्हायची ते ऐका.

"वडगाव आलं का?"
"आलं."
"तांडा?"
"रस्त्यात आहे, फोन आलाय."
"पिंपळगाव कुठाय? पिंपळगावचे फॉर्म बाकी आहेत."

गावांची नावं मी बदललीत. पण पद्धत हीच. बाईचं नाव कुणी घ्यायचं नाही. बाई म्हणजे गाव. अकरा वर्षं मी स्वतः असंच बोलावत आलो आणि त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही. मग एकदा एक आशाताई मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या. पत्रिका उघडली, आईच्या जागी छापलेलं नाव वाचलं आणि लक्षात आलं की हे नाव मला माहीतच नव्हतं. दर महिन्याला ज्या बाईच्या व्हाउचरवर सही करतो तिचं नाव! व्हाउचरवर ते असतंच की हो. पण मी गावाचा रकाना बघायचो, रक्कम बघायचो, सही ठोकायचो.

तर अशा सभेत 'आइसब्रेकर' आला.

आला तो जिल्ह्याच्या प्रशिक्षणातून. शहरातून आलेल्या प्रशिक्षकांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि म्हणाले, आधी आपण आइसब्रेकर घेऊ, म्हणजे मोकळं वाटेल. प्रश्न असा : तुम्ही प्राणी असता तर कोणता असता आणि का? दोन-तीन जणांनी वाघ, सिंह, मोर सांगितलं. मग आमच्यातल्या एका आशाताईंचा नंबर आला. त्या म्हणाल्या, "मी बैल. पोळ्याला तरी पूजा होती." हॉल हसला. पुढची म्हणाली, मी पण बैल. त्याच्या पुढची पण बैल. सहाव्या-सातव्या बैलापर्यंत हसू संपलं होतं आणि प्रशिक्षक सर घड्याळ बघायला लागले. "छान, छान, आता विषयाकडे वळू."

मला तिथंच वाटलं, विषय तर आत्ता निघाला होता. पण माझंही तोंड उघडलं नाही.

माझ्या शेजारी लसीचं बघणारे आमचे एक सहकारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "बर्फ कोण फोडतं राव? बर्फाला घाम आणायचा असतो." लसीकरणातल्या लोकांना हे लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगतो. लसी ठेवायच्या २ ते ८ अंशांत. गावात लस न्यायची तर व्हॅक्सिन कॅरिअरच्या चारी बाजूंनी गोठवलेले आइसपॅक लावतात. पण डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक तसाच लावला तर काही लसी गोठतात, आणि पेंटाव्हॅलंटसारखी लस एकदा गोठली की वाया गेली. दिसायला चांगली, कामाची नाही. म्हणून आइसपॅक आधी बाहेर काढून ठेवायचे. वरून घाम सुटला पाहिजे, कानाजवळ हलवला तर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. मगच लावायचे. किती वेळ लागेल ते त्या दिवशीच्या हवेवर. घाईचं काम नाही ते.

असो. तेव्हा आमच्याकडे नव्या मॅडम आल्या होत्या. वय तिशीच्या आत, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. त्यांना ही कल्पना आवडली. म्हणाल्या, आपण आपल्या सभेत करू, सर तुम्ही घ्या. मी काय घेणार? मला येत होतं तेच घेतलं. म्हटलं, प्रत्येकीनं उभं राहून नाव, गाव आणि मिस्टर काय करतात ते सांगा.

चौथी बाई उभी राहिली. नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि म्हणाली, "नाहीत." बसली. सभा पुढं गेली. पण ती बाई पाणी प्यायला म्हणून उठली ती अर्धा तास आत आली नाही. आणि मी इतका शहाणा की तिच्यानंतर दोघींना तोच प्रश्न तसाच विचारला. त्यातली एक नवऱ्यानं सोडलेली. आशा निवडताना त्याच गावची विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाई घ्यावी असं २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासूनच्या सूचनांतच आहे. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्यांत अशा बायका असणार हे मला कागदावरून माहीत होतं. कागद मी पाठ केले होते, समोर बसलेल्या बायका बघितल्या नव्हत्या.

मग नीट विचार केला की आपण एरवी माणसाला पहिल्यांदा भेटल्यावर विचारतो तरी काय. एसटीत शेजारी बसलेला माणूस आठवा. कुठले तुम्ही? आडनाव काय? मूळ गाव कोणतं? त्या गावात अमुक अमुक लोक आहेत बघा, ते तुमच्यातलेच का? दहा मिनिटांत माणूस आपला कप्पा शोधून त्यात आपल्याला नीट ठेवून देतो आणि मग मोकळेपणानं गप्पा मारतो, किंवा खिडकीबाहेर बघायला लागतो. हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे आइसब्रेकर. यात काही लोकांचा बर्फ वितळतो. ज्यांचा आणखी गोठतो ते आपल्याला सांगायला येत नाहीत.

आमचे एक समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, तरुण मुलगा. रुजू झाला त्या दिवशी त्यानं फक्त स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. चहा येईपर्यंत तिघांनी तीन वेगवेगळ्या वाटांनी त्याचं आडनाव काढायचा प्रयत्न केला. "पूर्ण नाव लिहा हो मस्टरवर." "वडील काय करतात?" "अमक्या गावाकडचे का, तिथं आमचे पाहुणे आहेत." तो हसून प्रत्येकाला बगल देत होता. त्याला सवय होती, हे दिसत होतं. चोविसाव्या वर्षी एवढी सवय.

मॅडमनी मला बोल लावला नाही. पण म्हणाल्या, "सर, आमच्या कॉलेजात ऑपरेशनच्या आधी सगळे नावं सांगायचे. सर्जनपासून वॉर्डबॉयपर्यंत. नाव आणि आज इथं काम काय, एवढंच." मला ते खोटंच वाटलं. सर्जन वॉर्डबॉयला नाव सांगेल? मग शोधून वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची एक तपासणी यादी आहे, २००८ सालची, एकोणीस मुद्द्यांची. त्यात चीर देण्यापूर्वीचा एक मुद्दा हाच : खोलीतल्या प्रत्येकानं नाव आणि काम सांगितलं का? ही यादी करणाऱ्या गटाचे प्रमुख डॉक्टर अतुल गावंडे. अमेरिकेतले सर्जन, पण वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, उमरखेडकडचे. आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरून बघितली, त्यात दिल्लीही होती. २००९ साली निष्कर्ष छापून आले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. सगळं श्रेय नाव सांगण्याला नाही, हे उघड आहे. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, अँटिबायोटिक वेळेत दिलं का, असं बरंच त्या यादीत आहे. पण गावंडे यांनी आपल्या पुस्तकात एक गोष्ट सांगितली आहे ती मला पटली. सुरुवातीला नर्सला आपलं नाव आणि आपली शंका बोलायची संधी मिळाली, तर पुढं काही बिघडताना दिसलं की ती बोलण्याची शक्यता वाढते. एकदा आवाज निघाला की दुसऱ्यांदा काढायला जड जात नाही.

मला लगेच आमची सभा दिसली. सव्वीस बाया, दोन तास, आणि आवाज फक्त टेबलामागून.

पुढच्या महिन्यापासून मॅडमनी दोन गोष्टी केल्या. टेबल भिंतीला लावलं. आणि हजेरी नावानं. पहिल्यांदा घोळ झाला, कारण आम्हालाच नावं येईनात. बायाच हसायला लागल्या. मग नावानंतर एक प्रश्न. प्रश्न ठरवताना आमच्या बऱ्याच चुका झाल्या, त्याही सांगतो.

"तुमचा छंद काय?" हा गेला फुकट. "छंद कशाचा सर, रजिस्टर भरायचा." "शाळेतला आवडता विषय?" यात ज्यांची शाळा सातवीत सुटली त्यांनी मान खाली घातली. "लहानपणी कोण व्हायचं होतं?" हा तर विचारूच नये. दोघी रडल्या आणि पुढं काय करायचं ते आम्हाला कळेना. माणूस रडेल असा प्रश्न विचारून लगेच "बरं, आता कुटुंब नियोजनाचं उद्दिष्ट" असं म्हणता येत नाही, आणि आम्ही ते म्हटलं.

कामाचे प्रश्न चालले. "या महिन्यात कुणाच्या घरी सगळ्यात जास्त वेळा जावं लागलं?" "बॅगेतली कोणती वस्तू काहीच कामाची नाही?" यावर तर चाळीस मिनिटं सभा पेटली होती. एका ताईनं सांगितलं की तिचा थर्मामीटर सहा महिने बंद आहे. दुसरी म्हणाली माझा पण. मोजले तर नऊ बंद. इतके दिवस कुणी बोललं नव्हतं, कारण 'बॅग चालू स्थितीत आहे का' या रकान्यात 'होय' लिहायची रीत होती.

आधी कोण बोलणार, यावरही आमचं ठरेना. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांचे छत्तीस प्रश्न प्रसिद्ध आहेत, १९९७ सालचे. अनोळखी दोन माणसांनी एकमेकांना विचारायचे, साध्यापासून सुरू करून हळूहळू खोल जात. त्यातली मुख्य गोष्ट मला ही वाटली की दोघांनीही उत्तर द्यायचं असतं. एकानंच विचारायचं आणि दुसऱ्यानंच सांगायचं, त्याला आपल्याकडे चौकशी म्हणतात. म्हणून मॅडम पहिल्यांदा स्वतः सांगायला लागल्या. तर त्या म्हणाल्या "माझा महिना चांगला गेला" की पाठोपाठ सव्वीस जणींचा महिना चांगला. म्हणून मग मॅडमचा नंबर मधे कुठंतरी ठेवला. एकदा त्या म्हणाल्या, इंटर्नशिपला पहिलं बाळंतपण करताना माझे हात एवढे थरथरत होते की सिस्टरनी हातावर हात ठेवला. त्या दिवशी सभेचा सूरच बदलला. आणि ज्यांना सांगायचं नसेल त्यांनी नुसतं "पुढं" म्हणायचं. का म्हणून विचारायचं नाही.

आता खरी गोष्ट. ती ज्यांची आहे त्यांना विचारून लिहितोय. नाव आणि गाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळलंय.

एका महिन्यात प्रश्न होता, "या महिन्यात सगळ्यात चांगला चहा कुणाच्या घरी पिला?" यात काय वावगं असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. उत्तरं मजेशीर आली. कुणी शेळीच्या दुधाचा, कुणी गुळाचा. एक म्हणाली दिवसाला नऊ घरी नऊ कप होतात, नाही म्हटलं तर राग येतो, आता ॲसिडिटीच्या गोळ्या पण तुमच्याचकडून घेते. मग एका ताईंचा नंबर आला. त्या म्हणाल्या, "पुढं."

सभा संपली. व्हाउचरच्या सह्या चालू होत्या. त्या सिस्टरजवळ जाऊन हळू म्हणाल्या, "मला चहा देत नाहीत त्या गल्लीत. आत पण घेत नाहीत. मी ओट्याच्या खालून विचारते."

ताई गावकुसाकडच्या वस्तीतल्या. गावची जुनी गल्ली त्यांच्याच हजार लोकसंख्येत येते. नवजात बाळाच्या घरभेटी असतात, दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यात हात धुऊन बाळ हातात घ्यायचं, झोळीच्या काट्यावर वजन करायचं, ताप बघायचा. ओट्याच्या खालून वजन कसं होणार? "मग काय लिहिता?" सिस्टरनी विचारलं. "त्या सांगतात तेवढं. नाहीतर अंदाजानं."

मी त्यांचं रजिस्टर काढलं. त्या गल्लीतली दोन वर्षांतली बाळं बघितली. अडीच, दोन सहाशे, अडीच, अडीच, दोन सातशे. एकही बाळ अडीच किलोच्या खाली नाही. अडीचच्या खाली गेलं की कमी वजनाचं बाळ, जास्तीच्या भेटी, वर कळवणं, विचारणा. रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली तपासणाऱ्याची सही होती. माझी. आणि मागच्या वर्षी याच सभेत मी सगळ्यांना सांगितलं होतं, बघा यांच्या गावात कमी वजनाची बाळं जवळजवळ नाहीत, यांच्याकडून शिका. तेव्हा ताई खाली बघत बसल्या होत्या. मला वाटलं लाजल्या.

चार दिवसांनी सिस्टर आणि ताई जोडीनं त्या गल्लीत गेल्या. एक बाळ चौदा दिवसांचं होतं. काट्यावर एक किलो नऊशे भरलं, पाय गार. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात पाठवलं. बाळ आता बरं आहे. पाच महिन्यांचं झालं.

इथं थांबलो असतो तर आइसब्रेकरची जाहिरात झाली असती. पण त्या जोडभेटीच्याच दिवशी संध्याकाळी मला गावातून फोन आला. "तुमची बाई मीटिंगमध्ये गावाची बदनामी करती म्हणं." सह्या चालू असताना त्या सिस्टरच्या कानाशी बोलल्या होत्या. आजूबाजूला सात-आठ जणी आणि मी. म्हणजे आमच्यातल्याच कुणीतरी गोष्ट बाहेर नेली. कोण ते अजून कळलं नाही. ताईंच्या नवऱ्याला गावातल्या दोघांनी चावडीजवळ थांबवून समज दिली. तक्रार करायची का, असं मॅडमनी विचारलं, कायदा काय आहे तेही सांगितलं. ताई म्हणाल्या, "मॅडम, तुमची बदली होती. मला त्याच गावात राहायचंय."

पुढच्या दोन सभांना त्या आल्या, सही केली, आणि त्यांचा नंबर आला की "पुढं". त्या "पुढं"ला मी आयुष्यात विसरणार नाही.

तिसऱ्या सभेला मॅडमनी प्रश्न ठेवलाच नाही. उभ्या राहून म्हणाल्या की इथलं बोलणं बाहेर गेलं, त्याची जबाबदारी माझी आहे, मी सगळ्यांसमोर ताईंची माफी मागते. खोली गप्प. मग त्या दिवशीच्या नऊ कप चहावाल्या ताई उठल्या आणि म्हणाल्या, "मी त्या गल्लीत यांच्यासंग जाते. माझं माहेर आहे तिथं. बघू कोण आत घेत नाही." त्या दोघी गेल्या. एका घरानं दोघींना पडवीत बसवलं. एका घरात चहा आला, स्टीलच्या कपात, दोघींना सारखा. तिसऱ्या घरानं अजून दार उघडलेलं नाही. तिथं सिस्टर जाते. म्हणजे तिथं आम्ही हरलोय, आणि रजिस्टर नीट भरावं म्हणून त्या घराचा हट्ट आम्हीच पुरवतोय, हेही मला दिसतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स' पुरस्कार दिला. तेव्हा आम्ही केंद्रात पेढे वाटले होते. पेढे वाटतानाही मी हाक मारली होती, "वडगाव, घ्या."

हल्ली कंपन्यांत, बँकांत, शाळांच्या बैठकांत सगळीकडे आइसब्रेकर घेतात. भाची पुण्यात आयटीत आहे, ती म्हणते मामा, आमच्याकडे दर सोमवारी असतो, "तुमचा आवडता पिझ्झा कोणता" असलं काहीतरी, कंटाळा येतो. मी तिला म्हटलं, कंटाळा येतोय तोवर बरं आहे. पिझ्झ्याचं उत्तर ऐकून कुणाला उठून काही करावं लागत नाही. आमच्या चहाचं उत्तर ऐकल्यावर करावं लागलं, आणि ते आम्हाला धड जमलं नाही. प्रश्न काढायला पाच मिनिटं लागतात. उत्तर सांभाळायची तयारी आमची नव्हती.

तालुक्याच्या बैठकीत अजून आम्हाला केंद्राच्या नावानंच बोलावतात. मी एकदा हात वर करून म्हटलं, साहेब, नावानं हजेरी घेऊ या का? साहेब म्हणाले, वेळ कुठाय. खरंय, त्यांच्याकडे त्या दिवशी चौदा विषय होते.

परवाच्या आमच्या सभेत हजेरी त्याच ताईंनी घेतली. यादी हातात घेऊन, एकेक पूर्ण नाव, ठणठणीत आवाजात. सव्वीस जणी झाल्या, सिस्टर झाल्या, मॅडम झाल्या. शेवटी माझं नाव, पुढं-मागं 'सर' नाही. सगळ्या हसल्या. मी "हजर" म्हटलं. मग प्रश्न पण त्यांनीच विचारला : या महिन्यात कुठलं दार पहिल्यांदा उघडलं? फॉर्म अजून सात जणींचे बाकी आहेत.